डिसेंबरातला तो फोन

*"ताई, आम्ही मूळचे नाशिकचे, इंग्लंडात येऊन नऊ वर्षं झाली. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे, तो बोलत नाही आणि रात्री चार तासांच्या वर झोपत नाही. शनिवारी चार तास कुणी त्याच्याजवळ बसावं, एवढीच आमची मागणी होती. मार्च 2024 मध्ये काउन्सिलची (इथल्या स्थानिक पालिकेची) सोशल वर्कर एकदा घरी आली, अर्धा तास बसून गेली. 17 एप्रिलला पत्र आलं की कुठलीही सेवा देता येत नाही, केस बंद. मे महिन्यात माझ्या आईला पॅरालिसिसचा झटका आला म्हणून मुलाला घेऊन मी नाशिकला गेले, ती ऑगस्टअखेर परतले. दत्तजयंतीच्या आसपास त्यांच्या ऑफिसात फोन करून मी खूप बोलले, रडलेसुद्धा. पलीकडच्या बाई म्हणाल्या, 'टीमला सांगते.' पुढे काहीच नाही. फेब्रुवारीत ईमेल केला. 3 मार्च 2025 ला उत्तर आलं की परिस्थिती बदललेली नाही, नवीन असेसमेंट करणार नाही. शेवटी 9 जूनला लेखी तक्रार केली. 20 जूनला उत्तर आलं: गोष्ट बारा महिन्यांहून जुनी आहे, तक्रार मुदतीबाहेरची आहे, विचारात घेणार नाही. मिस्टर म्हणतात, सोडून दे, त्यांना डिवचलंस तर मुलावर येईल, व्हिसावर येईल. खरंच सगळं संपलं का? मी फार उशीर केला का?"*
*– एक आई*

प्रिय ताई,

नाही, संपलेलं नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना दत्तजयंतीच्या त्या वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते ओघात लिहून गेलात, जणू स्वतःच्या रडण्याची कबुली देताय. माझ्या मते तुमच्या बाजूने बोलणारी सगळ्यात भक्कम ओळ तीच आहे. का, ते सांगते, पण त्याआधी या मुदतीचं गणित बघू.

इंग्लंडात मुलांच्या सेवांबद्दलची तक्रार ही रस्त्यातल्या खड्ड्याच्या किंवा कचऱ्याच्या डब्याच्या तक्रारीसारखी नसते. तिच्यासाठी वेगळा कायदेशीर मार्ग आहे. 1989 च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टमधलं कलम 26 आणि त्यावर 2006 साली केलेले नियम. त्या नियमांतला नववा नियम म्हणतो की तक्रारीचं कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार करायची. काउन्सिलने तुम्हाला एवढंच सांगितलं. त्याच नियमाचा उरलेला भाग मात्र सांगितला नाही, आणि अर्धवट वाक्यं सांगायची ही सवय मला फार खटकते. उरलेला भाग असा: वर्ष उलटून गेलं असलं तरी काउन्सिल तक्रार घेऊ शकते. दोन गोष्टी बघायच्या. एक, सगळी परिस्थिती पाहता या माणसाने आधीच तक्रार करायला हवी होती, अशी अपेक्षा वाजवी आहे का? आणि दोन, एवढा काळ गेल्यावरही प्रकरण नीट आणि न्याय्य रीतीने तपासता येईल का?

म्हणजे 'बारा महिने झाले' एवढं लिहून पत्र पाठवलं की काम झालं, असं नाही. त्यांनी या दोन प्रश्नांचा विचार केला का आणि काय ठरवलं, हे तुम्हाला लेखी सांगायला हवं. सरकारची मार्गदर्शिकाही हेच सांगते, शिवाय ऑम्बुड्समनकडे, म्हणजे काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं हेही त्या पत्रात कळवावं म्हणते. तुमच्या 20 जूनच्या पत्रात ऑम्बुड्समनचा उल्लेख आहे का, शोधा. नसला तर तोही तुमच्या तक्रारीतला एक मुद्दा होतो.

आता तारखा मोजू. 17 एप्रिल 2024 ते 17 एप्रिल 2025 हे एक वर्ष. तुमची लेखी तक्रार 9 जूनची, म्हणजे साधारण साडेसात आठवडे उशीर. त्या पत्रापुरतं बघितलं तर काउन्सिल आकडेमोडीत चुकलेली नाही. पण त्यांनी मोजायला सुरुवात कुठून केली आणि मोजणं कुठे थांबवलं, ते बघा. सुरुवात एप्रिलच्या पत्रापासून, शेवट जूनच्या तक्रारीवर. मध्ये जे जे घडलं ते जणू घडलंच नाही.

दत्तजयंती 2024 मध्ये 14 डिसेंबरला होती, शनिवारी. म्हणजे तुमचा फोन त्या आठवड्यातला असणार, एप्रिलच्या पत्रानंतर आठव्या महिन्यातला. वर्ष भरायला अजून चार महिने होते! आणि या कायद्यात तक्रार तोंडी चालते. फोनवर चालते. 'कंप्लेंट' हा शब्द उच्चारायची अट नाही. फॉर्म भरायला हवा असंही नाही. 'तुम्ही माझ्या मुलाकडे अर्धा तास बघितलंत आणि केस बंद केलीत, हे बरोबर नाही' असं आईने फोनवर सांगितलं आणि पलीकडच्या माणसाने ते ऐकलं, की ती तक्रार झाली. ती लिहून घेऊन कंप्लेंट्स मॅनेजरकडे पोचवणं हे ऐकणाऱ्याचं काम. 'टीमला सांगते' म्हणणाऱ्या बाईंनी कुणाला सांगितलं नसेल, तर तो उशीर तुमच्या खात्यावर कसा लावायचा?

तेव्हा 'मी फार उशीर केला का' याचं उत्तर असं आहे की तक्रार तुम्ही वेळेत केली होती. तिला तक्रार म्हणायचं सुचलं नव्हतं, इतकंच. आपल्याकडे तक्रार म्हणजे अर्ज, त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का, आणि एक झेरॉक्स आपल्याजवळ. फोनवर रडून बोलणं म्हणजे आपल्याला हरणं वाटतं, कागदोपत्री केलेली कारवाई वाटत नाही.

अर्थात फोन झाला हे दाखवावं लागेल. आधी मोबाइलचं डिसेंबरचं बिल काढा. अ‍ॅपमध्ये जुनी बिलं असतात, काउन्सिलचा नंबर आणि मिनिटं त्यात दिसतील. मग घरातलं कालनिर्णय. हसू नका, मी गंभीरपणे सांगतेय. परदेशातल्या मराठी घरात भिंतीवर कालनिर्णय असतं आणि त्या चौकोनांत दूधवाल्याचा हिशेब नसला तरी मुलाची अपॉइंटमेंट, गॅसवाला, स्पीच थेरपी असं काहीतरी खरडलेलं असतंच. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचं असंच एक प्रकरण त्या चौकोनावर तरलं होतं. पेन्सिलीने लिहिलं होतं 'हाउसिंग, फोन, 40 मि., नाही म्हणाले'. घटनेच्या दिवशी सहज लिहिलेल्या दोन शब्दांचं वजन नंतर आठवून लिहिलेल्या दोन पानांपेक्षा जास्त असतं. 2024 चं कालनिर्णय तुम्ही कपाटाच्या फळीवर अंथरलं असेल तर आजच काढा.

तिसरा पुरावा त्यांच्याकडेच आहे. सोशल केअरच्या फाइलमध्ये आलेल्या फोनची नोंद ठेवतात, निदान ठेवायची असते. तुमची आणि मुलाची सगळी फाइल मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. याला सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट म्हणतात, पैसे पडत नाहीत. आपल्याकडच्या माहिती अधिकाराची चुलतबहीण समजा. तिकडे तीस दिवस, इकडे एक महिना, गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने वाढवून घेऊ शकतात. फरक एवढाच की माहिती अधिकारात सरकारचं काम मागता येतं, इथे फक्त स्वतःबद्दलचं. 'केस नोट्स, फोनच्या नोंदी, ईमेल, असेसमेंट, व्यवस्थापकाच्या निर्णयाची नोंद' असं नाव घेऊन मागा. नुसतं 'फाइल द्या' म्हटलं की जे सोपं ते हाती ठेवतात. मात्र फाइल येईपर्यंत थांबून राहू नका. उत्तराला महिना लागतो, आणि काही काउन्सिलांकडे त्याहून बराच जास्त.

एप्रिलच्या पत्राशिवाय तुमच्याकडे दुसरी एक तारीख आहे, 3 मार्च 2025. फेब्रुवारीत तुम्ही नव्याने मदत मागितली आणि त्यांनी नव्याने नकार दिला. हा स्वतंत्र निर्णय आहे. त्याची मुदत 3 मार्च 2026 ला संपते, म्हणजे 9 जूनची तक्रार या बाबतीत चौथ्याच महिन्यात झालेली. काउन्सिल म्हणेल की ही जुनीच तक्रार नव्या कपड्यात आलीय. म्हणू दे. त्यांच्याच पत्रात लिहिलंय, 'परिस्थिती बदललेली नाही'. घरी न येता, मुलाला न बघता हे त्यांना कसं कळलं? मार्च 2024 मध्ये मुलगा आठ वर्षांचा होता, आता नऊचा आहे. उंची वाढलीय, ताकद वाढलीय, खिडकीची कडी त्याला आता उघडता येते का, हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. तक्रारीत हे लिहा, आणि मोठ्या शब्दांत नको. 'मंगळवारी पहाटे सव्वातीनला मुख्य दाराजवळ सापडला' हे एक वाक्य 'आमचं कुटुंब प्रचंड तणावाखाली आहे' अशा दहा वाक्यांना भारी पडतं.

आणि समजा डिसेंबरचा फोन सिद्ध झाला नाही, एप्रिलचं प्रकरण उशिराचंच धरलं, तरी नियमाचे ते दोन प्रश्न आहेतच. पहिल्याचं उत्तर तुमच्या पत्रात आहे: आईचा पॅरालिसिस, मे ते ऑगस्ट नाशिक, बरोबर न बोलणारा मुलगा. तिकिटं, बोर्डिंग पास, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड जोडा. मराठीत किंवा मिश्र भाषेत असेल तर खाली दोन ओळींत इंग्रजी अर्थ लिहा. दुसऱ्याचं उत्तर तर फारच सोपं आहे. चौदा महिन्यांत कागद कुठे जातात? असेसमेंट त्यांच्या कॉम्प्युटरवर आहे. सोशल वर्कर नोकरी सोडून गेली असेल कदाचित, तिकडे माणसं फार टिकत नाहीत, पण तिने लिहिलेलं टिकतं. मार्गदर्शिकेत उशिराची तक्रार घ्यायला जी कारणं दिलीत त्यांत तक्रारदार नाजूक परिस्थितीत असणं, तपासाला पुरेशी माहिती किंवा संबंधित माणसं अजून उपलब्ध असणं, आणि तक्रार तपासल्याने तक्रारदाराला अजूनही फायदा होणं, ही आहेत. फायदा तर उघड आहे, मुलाला आजही शनिवारचे चार तास हवेच आहेत.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आज 21 जुलै. येत्या सोमवारपर्यंत, म्हणजे 28 जुलैपर्यंत, कंप्लेंट्स मॅनेजरच्या नावाने ईमेल करा. सोशल वर्करच्या टीमला पाठवू नका. त्यात म्हणा की 20 जूनचा निर्णय पुन्हा तपासा, डिसेंबरमध्ये तोंडी तक्रार झाली होती, मार्चचा नकार मुदतीत आहे, आणि उरलेल्याला नवव्या नियमाचा दुसरा भाग लावा. त्यांनी तक्रार घेतली तर घड्याळ त्यांच्या भिंतीवर टांगलं जातं. पहिल्या टप्प्याला दहा कामाचे दिवस, फार तर वीस. 28 जुलैपासून मोजलं तर दहावा दिवस 11 ऑगस्ट, आणि विसावा 26 ऑगस्ट, कारण 25 ला बँक हॉलिडे आहे. वीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलं ते पटलं नाही, तर दुसरा टप्पा मागायचा. तो तुमचा हक्क आहे. 'आम्हाला गरज वाटत नाही' म्हणून तो नाकारता येत नाही, आणि नाकारणाऱ्या काउन्सिलांना ऑम्बुड्समनने पुन्हा पुन्हा सुनावलंय.

दुसऱ्या टप्प्यात तपास अधिकारी असतो आणि त्याच्याबरोबर एक स्वतंत्र व्यक्ती, जी काउन्सिलची नोकर नसते. यासाठी पंचवीस कामाचे दिवस, वाढवून जास्तीत जास्त पासष्ट. पासष्ट म्हणजे तब्बल तेरा आठवडे, ते लक्षात ठेवा, नाहीतर रोज पोस्टमनची वाट बघाल. इथे एक बारीक खाच आहे. तक्रारीचे मुद्दे लिहून तुमच्याकडे संमतीला येतात, आणि तुम्ही त्यात फेरफार केलेत तर दिवस मोजणं मसुदा पक्का झाल्यापासून सुरू होतं. म्हणून चार वेळा स्वल्पविराम दुरुस्त करत बसू नका. मुद्दा सुटला असेल तर मात्र नक्की घाला. तिसरा टप्पा तीन स्वतंत्र माणसांच्या पॅनलचा. तो दुसऱ्या टप्प्याचं उत्तर मिळाल्यापासून वीस कामाच्या दिवसांत मागावा लागतो. इथे मुदत तुमच्यावर आहे आणि लोक नेमके इथेच चुकतात, कारण तोवर थकलेले असतात. ते पत्र आल्या दिवशी कालनिर्णयावर शेवटचा दिवस लाल पेनाने लिहून ठेवा.

आणि पुन्हा नाहीच म्हणाले तर? मग लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समन. फुकट असतं, वकील लागत नाही. त्यांचीही बारा महिन्यांची मुदत आहे, पण ती मोजतात गोष्ट तुम्हाला पहिल्यांदा कळल्यापासून, आणि योग्य कारण असेल तर तेही ती बाजूला ठेवू शकतात. 20 जूनच्या नकाराबद्दल तुमच्याकडे पुढच्या जूनपर्यंत वेळ आहे. पण तेवढी वाट बघायचं कारण नाही. एप्रिल 2024 चं प्रकरण त्यांच्या हिशेबानेही आधीच उशिराचं झालंय आणि रोज थोडं आणखी उशिराचं होतंय. ऑगस्टअखेरपर्यंत काउन्सिलने दार उघडलं नाही तर थेट तिकडे लिहा. कोर्टातल्या ज्युडिशिअल रिव्ह्यूची, म्हणजे सरकारी निर्णय कायदेशीर आहे का हे न्यायाधीशाकडून तपासून घेण्याची, मुदत याहून खूप तोकडी, शक्य तितक्या लवकर आणि काही झालं तरी तीन महिन्यांच्या आत. 20 जूनच्या पत्रासाठी ती सप्टेंबरात संपते. तुम्हाला त्याची गरज पडेल असं वाटत नाही, पण कम्युनिटी केअरचं काम करणाऱ्या सॉलिसिटरला एकदा विचारून घ्यायचं असेल तर ऑगस्टमध्येच विचारा.

हे सगळं चालू असताना एक गोष्ट करा जिला मुदतच नाही. नव्याने असेसमेंट मागा. तक्रार मागे बघते, असेसमेंट आज बघतं. अपंग मूल हे या कायद्याच्या कलम 17 नुसार आपोआप 'गरज असलेलं मूल' ठरतं, ते सिद्ध करत बसायला लागत नाही. असेसमेंट पंचेचाळीस कामाच्या दिवसांत पूर्ण व्हायला हवं. त्याच ईमेलमध्ये स्वतःसाठी 'पेरेंट केअरर्स नीड्स असेसमेंट' मागा, 2014 च्या कायद्यापासून आईबापांच्या गरजा वेगळ्या तपासणं काउन्सिलवर बंधनकारक आहे, आणि तुम्ही मागितलं की टाळता येत नाही. चार तासांच्या झोपेवर तुम्ही किती वर्षं काढताय, हा प्रश्न तिथे अधिकृतपणे विचारला जातो. बहुतेक मराठी बायका त्यावर 'तसं ठीक चाललंय' म्हणतात. कृपा करून म्हणू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही शाळा अर्धाच दिवस ठेवून घेते असंही लिहिलं होतंत, जागेअभावी मी ते वर छापलं नाही. तो कप्पा वेगळा आहे. मुलाच्या ईएचसी प्लॅनबद्दलचा, म्हणजे त्याच्या खास शैक्षणिक गरजांसाठीच्या अधिकृत आराखड्याबद्दलचा, वाद असेल तर तो ट्रायब्युनलकडे जातो आणि तिथे निर्णयाच्या पत्रापासून दोन महिने किंवा मेडिएशनच्या (मध्यस्थीच्या) सर्टिफिकेटपासून एक महिना, यांतली जी तारीख नंतरची ती. दोन्ही गोष्टी एकाच ईमेलमध्ये कालवू नका, नाहीतर दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात.

आता मिस्टरांची भीती. तिला हसण्यासारखं काही नाही. 2011 मध्ये नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची दोन मुलं सरकारने ताब्यात घेतली, तेव्हापासून 'सोशल वर्कर' म्हटलं की आपल्या घरांत आवाज खाली येतो. पण तुम्ही मदत मागितलीय ती कलम 17 खाली. मुलाला इजा होत असल्याच्या संशयावरून चौकशी होते ती कलम 47 खाली, आणि तिला संशयाचं काही कारण लागतं. आईने मुदतीवरून वाद घातला हे तसलं कारण नाही. व्हिसाचं म्हणाल, तर कलम 17 खाली मिळणारी मदत इमिग्रेशनच्या 'पब्लिक फंड्स'च्या, म्हणजे व्हिसाच्या अटीमुळे बंद असू शकणाऱ्या सरकारी मदतीच्या, यादीत नाही. मुलांचा डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स त्या यादीत आहे, म्हणून व्हिसावर 'नो रिकोर्स' (ती सरकारी मदत घेता येणार नाही) असं लिहिलं असेल तर त्यासाठी अर्ज करण्याआधी नीट सल्ला घ्या. या दोन गोष्टी लोक सर्रास एकत्र करतात आणि घाबरून दोन्ही सोडून देतात.

स्कॉटलंड आणि वेल्समधल्या वाचकांनी यातल्या तारखा आपल्याला लावू नयेत, तिकडचे कायदे आणि ऑम्बुड्समन दोन्ही वेगळे आहेत.

ताई, कालनिर्णय सापडलं तर डिसेंबरचं पान फाडून पाठवू नका. पूर्ण महिन्याचा फोटो काढा, बाकीच्या चौकोनांतली खरड दिसू दे, दूध, डेंटिस्ट, जे असेल ते. त्यावरूनच कळतं की ती नोंद त्या दिवशीची आहे. आणि दत्तजयंतीच्या आठवड्यातल्या चौकोनांत काहीच लिहिलेलं नसलं, तरी मोबाइलचं बिल आधी बघा, मग निराश व्हा.